बंद फायली आणि दुसऱ्या बाजूचे लॉग: इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क ऐन प्रवासात जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. थोडे राहिले असतील, चालवून घ्या.

आजची गोष्ट इतिहासाच्या एका प्रोफेसरची आहे. यात लढाई फार नाही. एक अमेरिकन माणूस, मायक्रोफिल्म वाचायचं मशीन आणि जर्मन भाषेतले हजारो कागद, एवढंच भांडवल. पण या माणसाने १९७२ साली एक पुस्तक लिहिलं आणि फ्रान्स हा देश स्वतःबद्दल जी गोष्ट पंचवीस-एक वर्षं सांगत आला होता, तिचा पाया हलला. त्यांचं नाव रॉबर्ट पॅक्स्टन.

मी बीटेकवाला. इतिहासाशी माझा परीक्षेपुरता संबंध दहावीला संपला. पण पॅक्स्टन यांच्या कामाबद्दल वाचताना मला सारखं वाटत होतं की ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. का ते सांगतो. आधी थोडं बॅकग्राउंड.

१९४० साली काय झालं?

मे १९४० मध्ये हिटलरच्या सैन्याने फ्रान्सवर हल्ला केला आणि दीड महिन्यात फ्रान्स कोसळला. २२ जूनला युद्धविराम झाला. देशाचे तुकडे पडले. उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मनांच्या ताब्यात. दक्षिणेचा बराचसा भाग मात्र जर्मन सैन्याशिवाय, फ्रेंच सरकारकडे. हे सरकार बसलं व्हिशी नावाच्या गावात. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, त्यामुळे हॉटेलं भरपूर. मंत्रालयं चक्क हॉटेलांच्या खोल्यांमध्ये भरली.

सरकारचे प्रमुख होते मार्शल फिलिप पेतां. वय ८४. पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंच्या लढाईचे हीरो, घराघरात मान. १० जुलै १९४० ला संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी त्यांच्या हातात सगळे अधिकार देऊन टाकले. लोकशाही गुंडाळली गेली, आणि ती मतदानाने गुंडाळली गेली.

१९४४ मध्ये फ्रान्स मुक्त झाला. पेतां यांच्यावर खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, वय बघून ती जन्मठेपेवर आली. आणि मग देशाने स्वतःला एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. लंडनमध्ये बसून लढणारे जनरल द गोल ही तलवार, आणि देशात राहून लोकांना वाचवणारे पेतां ही ढाल. व्हिशीने जे काही वाईट केलं ते जर्मनांच्या दबावाखाली केलं, आणि मध्ये पेतां नसते तर आणखी वाईट झालं असतं, असा त्याचा अर्थ. १९५४ साली रोबेर आरों या लेखकाने व्हिशीचा मोठा इतिहास लिहिला, त्यातूनही साधारण हेच चित्र पक्कं झालं.

आता गंमत बघा. आरों यांचा मोठा आधार होता युद्धानंतरच्या खटल्यांचे कागद. म्हणजे ज्यांच्यावर आरोप होते, त्यांनी स्वतःच्या बचावात नंतर दिलेले जबाब. "माझ्यावर वरून प्रेशर होतं," असं प्रत्येकजण म्हणणारच ना.

पॅरिसमध्ये आलेला विद्यार्थी

पॅक्स्टन यांचा जन्म १९३२ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं लेक्सिंग्टन हे गाव. अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचे दोन सेनापती, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, यांच्या कबरी याच गावात आहेत. हरलेला समाज आपल्या पराभवाची गोष्ट कशी गोड करून सांगतो, हे तिथे वाढणाऱ्या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडलं असणार, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

गावातल्याच कॉलेजातून पदवी, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग हार्वर्डमध्ये पीएचडी. त्यासाठी ते १९६० च्या सुमारास पॅरिसला आले. त्या वेळी अल्जीरियाचं युद्ध पेटलेलं होतं आणि फ्रेंच सैन्य स्वतःच्याच सरकारविरुद्ध उठायच्या बेतात होतं. एप्रिल १९६१ मध्ये तर चार जनरलनी अल्जीअर्समध्ये बंडाचा प्रयत्नही केला. अशा वातावरणात पॅक्स्टन यांचा विषय होता व्हिशीच्या काळातले लष्करी अधिकारी. शपथ कोणाशी, आज्ञा कोणाची, आणि सैनिकाने "नाही" कधी म्हणायचं? विषय जुना होता, प्रश्न एकदम ताजा.

अडचण एकच. त्या काळातले फ्रेंच सरकारी कागद बंद होते. तेव्हा नियम ५० वर्षांचा होता. म्हणजे १९४० ची फाईल बघायला १९९० उजाडणार. पीएचडीच्या विद्यार्थ्याला एवढं थांबता येत नाही.

पण युद्ध हरताना जर्मनीचे सरकारी कागद अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्याच्या हाती लागले होते. त्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या आणि त्या अमेरिकेत अभ्यासकांसाठी खुल्या होत्या. जर्मन परराष्ट्र खात्याच्या तारा, पॅरिसमधला जर्मन राजदूत ओटो आबेट्सचे अहवाल, युद्धविराम आयोगाच्या बैठकांच्या नोंदी. व्हिशीचे मंत्री जर्मनांशी जे बोलले, ते जर्मनांनी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

आता कळलं, मला ओळखीचं का वाटलं? दोन सिस्टीम एकमेकींशी बोलतायत. एका बाजूचे लॉग तुम्हाला दिसत नाहीत आणि त्या बाजूची टीम सांगतेय, "आम्ही काही पाठवलंच नाही, रिक्वेस्ट तिकडून आली." तुम्ही काय करता? दुसऱ्या बाजूचे लॉग उघडता आणि टाइमस्टॅम्प बघता. पॅक्स्टननी हेच केलं.

लॉगमध्ये काय सापडलं?

१९६६ मध्ये त्यांचं अधिकाऱ्यांवरचं पहिलं पुस्तक आलं. पुढे कॅलिफोर्नियातलं बर्कले, न्यूयॉर्क राज्यातलं स्टोनी ब्रुक, आणि १९६९ पासून कोलंबिया विद्यापीठ असा नोकरीचा प्रवास. १९७२ मध्ये मुख्य पुस्तक आलं: व्हिशी फ्रान्स. पुढच्याच वर्षी फ्रेंच भाषांतर आलं. त्याला प्रस्तावना हार्वर्डच्या स्टॅन्ली हॉफमन यांची, ज्यांनी स्वतः युद्धकाळ फ्रान्समध्ये काढला होता.

पुस्तकातल्या मुद्द्यांपैकी तीन सांगतो.

पहिला. सहकार्य हिटलरने लादलं असं जे म्हटलं जायचं, ते जर्मन कागदांशी जुळत नाही. कागदांत उलट दिसतं. व्हिशी सरकार पुन्हापुन्हा दार वाजवतंय, आम्हाला नव्या युरोपात भागीदार म्हणून घ्या असं सांगतंय, आणि हिटलरला त्यात फारसा रस नाही. त्याला फ्रान्स शांत हवा होता आणि फ्रान्सचा माल हवा होता. भागीदार नको होता. ऑक्टोबर १९४० मध्ये मोंत्वार गावात पेतां आणि हिटलर भेटले, हस्तांदोलनाचा फोटो जगभर गेला, आणि काही दिवसांनी पेतां यांनी रेडिओवर सहकार्याच्या वाटेवर निघाल्याचं स्वतः जाहीर केलं.

दुसरा. व्हिशीने देशात जे बदल केले ते त्यांचे स्वतःचे होते. निवडणुका बंद, कामगार संघटना मोडीत, आणि "श्रम, कुटुंब, पितृभूमी" ही नवी घोषणा. ज्या लोकांना लोकशाही आधीपासून नकोशी होती, त्यांना पराभवात संधी दिसली.

तिसरा. ढाल म्हणून बघितलं तरी ती ढाल चालली नाही. युद्धविरामानंतर जर्मन सैन्याच्या खर्चापोटी फ्रान्सला रोज ४० कोटी फ्रँक भरावे लागले. पुढे सहा लाखांहून जास्त फ्रेंच कामगार जर्मनीतल्या कारखान्यांमध्ये पाठवले गेले. आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्य उरलेल्या दक्षिणेतही घुसलंच.

आता सगळ्यात जड भाग. ज्यू नागरिकांचा. इथे तारखा नीट बघा. १७ जुलै १९४०: वडील फ्रेंच नसलेल्यांना सरकारी नोकऱ्यांमधून वगळणारा कायदा. २२ जुलै: १९२७ नंतर दिलेली सगळी नागरिकत्वं पुन्हा तपासण्याचा निर्णय. यातून पुढे सुमारे १५,००० लोकांचं नागरिकत्व गेलं, त्यात सुमारे ६,००० ज्यू होते. २७ ऑगस्ट: वर्तमानपत्रांतून वंश किंवा धर्मावरून द्वेष पसरवायला बंदी करणारा जुना नियम रद्द. ३ ऑक्टोबर: ज्यूंना सरकारी नोकरी, शिक्षण, वर्तमानपत्रं, सिनेमा अशा क्षेत्रांमधून हाकलणारा कायदा.

जर्मनांनी त्यांच्या ताब्यातल्या भागासाठी ज्यूंविरुद्धचा पहिला हुकूम काढला २७ सप्टेंबरला. म्हणजे व्हिशीचं काम त्याच्या दोन महिने आधीच सुरू झालं होतं. आणि ३ ऑक्टोबरचा कायदा जिथे एकही जर्मन शिपाई नव्हता तिथेही लागू होता.

या विषयावर पॅक्स्टन यांनी कॅनडाचे इतिहासकार मायकेल मॅरस यांच्यासोबत १९८१ मध्ये वेगळं पुस्तकच लिहिलं. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं गेलं, त्यात ४,००० हून जास्त मुलं. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. त्यांच्या हातात पत्ते होते, कारण पॅरिस पोलिसांनी आधीच कार्डांची एक फाईल बनवून ठेवली होती. नाव, पत्ता, व्यवसाय आणि राष्ट्रीयत्व, या चारही प्रकारे लावलेली. एका डेटावर चार इंडेक्स. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. ज्याने ही कार्डं लावली, त्याने काम अतिशय नीट केलं होतं.

पुढच्याच महिन्यात व्हिशीने स्वतःच्या ताब्यातल्या दक्षिणेतून सुमारे १०,००० परदेशी ज्यू गोळा करून जर्मनांच्या हवाली केले. मुलांचं काय करायचं, यावर एक जर्मन तार आहे. त्यात लिहिलंय की पंतप्रधान पिएर लाव्हालने १६ वर्षांखालच्या मुलांनाही सोबत न्यावं असं सुचवलं. जर्मनांनी तोवर मुलं मागितलीच नव्हती. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू पाठवले गेले. परत आले ते तीन टक्क्यांच्या आसपास.

फ्रान्सने काय केलं?

चिडचिड झाली, साहजिक आहे. परदेशी माणूस, १९४० मध्ये आठ वर्षांचा, ताबा काय असतो हे ज्याने अनुभवलं नाही, तो आम्हाला शिकवणार? पेतां यांच्या बाजूच्या जुन्या लोकांनी जोरात टीका केली. पण तरुण वाचकांनी पुस्तक उचललं. १९६८ च्या आंदोलनांनंतरची ही पिढी आईवडिलांना विचारत होती, तेव्हा तुम्ही काय करत होतात? मार्सेल ओफ्युल्स यांची क्लेरमों-फेरां शहरावरची माहितीपटाची फिल्म १९७१ मध्ये थिएटरात लागली होती आणि तिनेही हाच प्रश्न विचारला होता. फ्रेंच टीव्हीने ती दाखवली थेट १९८१ मध्ये.

श्रेय सगळं पॅक्स्टनना देणं बरोबर होणार नाही. एबरहार्ट येकेल या जर्मन इतिहासकाराने जर्मन कागदांवरूनच १९६६ मध्ये हिटलर आणि फ्रान्सवर पुस्तक लिहिलं होतं. १९६८ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतरही आलं, पण फारशी चर्चा झाली नाही. पाच वर्षांत देश ऐकायच्या मनःस्थितीत आला होता.

टीकेतला एक मुद्दा मात्र खरा निघाला. पहिल्या आवृत्तीत पॅक्स्टननी सामान्य फ्रेंच माणसाला जरा सरसकट धरलं होतं, जणू बहुतेक सगळे शेवटपर्यंत गप्पपणे सरकारच्या पाठीशी होते. पिएर लाबोरी आणि इतर इतिहासकारांनी लोकमताचा बारीक अभ्यास केला, तेव्हा दिसलं की लोकांचं मन सरकारपासून बरंच लवकर दूर जायला लागलं होतं. ज्यूंना लपवणारी, खोटे कागद बनवून देणारी माणसं गावोगावी होती. पॅक्स्टननी नंतरच्या आवृत्तीत मान्य केलं की त्यांचे काही निष्कर्ष फार कठोर होते, आणि लिहिताना डोक्यात व्हिएतनाम युद्धाचा आणि स्वतःच्या देशातल्या राष्ट्रवादी हो-जी-हो चा राग होता. मला हे आवडलं. मूळ निष्कर्ष कायम ठेवून जिथे जास्त बोललो तिथे कमी करायचं.

कोर्टात उभा राहिलेला इतिहास

१९९७ मध्ये बोर्दो शहरात मॉरिस पापों यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा खटला उभा राहिला. हा माणूस कोण? युद्धकाळात बोर्दोच्या जिल्हा प्रशासनातला वरिष्ठ अधिकारी. १९४२ मध्ये वय ३१. हुशार, नियमांचा पक्का, करिअर छान चाललेलं. त्यांच्या खात्याच्या कागदांवरून सुमारे १,६०० ज्यूंना पकडून पाठवलं गेलं होतं. युद्धानंतर ते पॅरिसचे पोलीस प्रमुख झाले, पुढे देशाचे अर्थसंकल्प मंत्री. १९८१ मध्ये एका साप्ताहिकाने जुने कागद छापले आणि पुढे खटला उभा राहायला सोळा वर्षं लागली.

कोर्टाने इतिहासकारांना साक्षीला बोलावलं. आंरी रुसो यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, इतिहासकाराचं काम समजावून सांगणं आहे, एका माणसाच्या शिक्षेत हातभार लावणं नाही. पॅक्स्टन गेले. तिथल्या नियमाप्रमाणे हातात कागद न घेता, फ्रेंचमध्ये, व्हिशी सरकार कसं चालायचं ते त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजू मला पटतात. पण माझा कल पॅक्स्टनकडे आहे. ज्यांचे नातेवाईक त्या गाड्यांमधून गेले, ते पन्नास वर्षं त्या दिवसाची वाट बघत होते. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की बोर्दोतल्या त्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला किती मोकळीक होती.

२ एप्रिल १९९८ ला निकाल आला. पकडण्यात आणि डांबण्यात साथ दिल्याबद्दल दोषी, दहा वर्षं कैद. हत्येत साथ दिल्याच्या आरोपातून सुटका.

त्याआधी, जुलै १९९५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी पहिल्यांदा जाहीरपणे म्हटलं होतं की त्या अटकेत फ्रेंच राज्याचा हात होता. त्यांच्या आधीचे मितेरां म्हणायचे, व्हिशी म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, त्यामुळे प्रजासत्ताकाने माफी मागायचा प्रश्नच नाही. आणि २००९ मध्ये फ्रान्सने पॅक्स्टन यांना लेजिओं द'ऑनर हा मोठा सन्मान दिला. ज्या देशाच्या फायली त्यांना बंद होत्या, त्याच देशाने.

वाद संपलेला नाही

२०१० मध्ये १९४० च्या ज्यूविरोधी कायद्याचा एक मसुदा उजेडात आला. त्यावरच्या दुरुस्त्या पेतां यांच्या हस्ताक्षरातल्या असल्याचं वकील आणि इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी जाहीर केलं. दुरुस्त्यांनी कायदा सौम्य झाला नव्हता, जास्त कडक झाला होता. पिढ्यानपिढ्या फ्रेंच असलेल्या ज्यूंना दिलेली सवलत खोडलेली होती.

तरी २०१४ मध्ये एरिक झेमूर या पत्रकाराने आपल्या गाजलेल्या पुस्तकात पॅक्स्टन यांच्यावरच हल्ला चढवला. त्याचं म्हणणं, व्हिशीने परदेशी ज्यू दिले, पण फ्रेंच ज्यू वाचवले. पुढे तो राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभा राहिला. तीन चतुर्थांश ज्यू वाचले हे खरं आहे. पण पाठवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक फ्रेंच नागरिक होते, आणि जे वाचले त्यातले बरेच शेजाऱ्यांमुळे, पाद्र्यांमुळे, डोंगरातल्या गावांमुळे आणि स्वतःच्या धडपडीमुळे वाचले. ज्या सरकारने त्यांची यादी बनवली, त्याच सरकारला वाचवल्याचं श्रेय कसं द्यायचं?

पॅक्स्टन १९९७ मध्ये कोलंबियातून निवृत्त झाले. २००४ मध्ये फॅसिझमवरचं त्यांचं पुस्तक आलं. फॅसिस्ट नेते काय बोलतात यापेक्षा ते काय करतात, आणि त्यांना सत्तेपर्यंत कोण पोचवतं, हे बघा, असं त्याचं सार. हा शब्द ते फार जपून वापरायचे. ट्रम्पसाठी वापरायला अनेक वर्षं तयार नव्हते. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेवर हल्ला झाल्यावर त्यांनी मत बदलल्याचं लिहिलं. आणि हो, त्यांची दुसरी ओळख पक्षी निरीक्षक म्हणून आहे. त्या वर्तुळातही लोक त्यांना मान देतात. तासन् तास शांत बसून बघायचं आणि दिसलं तेवढंच वहीत लिहायचं.

१९७९ च्या कायद्याने फ्रेंच कागद हळूहळू खुले व्हायला लागले आणि २०१५ च्या शेवटी व्हिशीच्या बहुतेक फायली सगळ्यांसाठी उघडल्या. फ्रेंच बाजूचे लॉग बाहेर आले, तेव्हा पॅक्स्टन यांच्या चित्राचा मुख्य भाग टिकला.

आपल्यापैकी बरेचजण अशा नोकऱ्यांमध्ये आहोत जिथे कोणीतरी यादी मागतं, फिल्टर लावून मागतं, आणि आपण ती बनवून देतो. बहुतेक वेळा त्यात काहीच वावगं नसतं. पण "वरून आलं होतं" हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलंत, मग ते सरकारचं असो, कंपनीचं असो की स्वतःच्याच तोंडचं असो, तर एकच गोष्ट तपासा. आदेश कधी आला आणि काम कधी सुरू झालं? व्हिशीच्या बाबतीत काम आधी सुरू झालं होतं.